मॉडेल टी फोर्डचे पुढचे कमानपाटे आणि गाडीचे ठाण

जुन्या वस्तूंचा अभ्यास करणाऱ्याला त्या वस्तूंची मोजमापे सहसा निर्विवाद वाटतात. नाण्याचे वजन करावे, शिलालेखाची लांबी-रुंदी टिपून घ्यावी, आणि मग वाचन, काल व अर्थ या वादाच्या प्रश्नांकडे वळावे, अशी आपली रीत आहे. परंतु काही वस्तूंच्या बाबतीत मोजमाप हाच वादाचा विषय असतो. १९३० पूर्वीची मोटारगाडी ही अशा वस्तूंपैकी एक होय. तिची लांबी आणि रुंदी लोखंडात पक्की झालेली असते. उंची मात्र पोलादी पाट्यांच्या बाकावर तोललेली असते, आणि तो बाक शंभर वर्षे जसाच्या तसा राहत नाही. संग्रहालयात चकचकीत करून ठेवलेली गाडी तिच्या काळी जमिनीपासून किती उंच उभी राहत होती, हा प्रश्न विचारताच असे दिसून येते की, गाडी जपणाऱ्यांनी दिलेले उत्तर बहुधा त्यांच्या डोळ्यांना बरे दिसेल असेच असते.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी या एकाच गाडीच्या, आणि तिच्याही मुख्यतः पुढच्या पाट्यांच्या आधारे केला आहे. ही गाडी १ ऑक्टोबर १९०८ रोजी बाजारात आली. मे १९२७ मध्ये तिचे उत्पादन थांबले. या अवधीत दीड कोटीहून अधिक गाड्या तयार झाल्या, आणि आजही जगभर त्यांतील पुष्कळ शिल्लक आहेत. त्यामुळे पुराव्याची उणीव नाही. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या इंग्लंडमधील व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबने 'व्हिंटेज' या शब्दाची मर्यादा १९३० च्या अखेरपर्यंत आखली. त्या व्याख्येनुसार पहिल्या महायुद्धानंतरच्या मॉडेल टी गाड्या व्हिंटेज ठरतात. गाडीची 'मूळ उंची' हा मोजपट्टी लावताच सापडणारा आकडा नव्हे. हस्तलिखितांवरून पाठ निश्चित करावा, तशी ती पुराव्यांवरून निश्चित करावी लागते. आणि तशी ती केली तर एका आकड्याऐवजी दोन मर्यादांमधला एक पट्टा हाती येतो, असे माझे मत आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने यंत्रशाळेत डोकावावे हे काहींना अप्रस्तुत वाटेल. पण मी तेथे प्रथम गेलो तो शब्द गोळा करण्यासाठीच.

तेव्हा शब्दांपासूनच आरंभ करू. लांब पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेल्या स्प्रिंगला मराठी मुलखातील मोटार-कारागीर कमानपाटा म्हणतात. नुसते 'पाटे' म्हटले तरी चालते. 'कमान' हा फारसी शब्द, मूळ अर्थ धनुष्य. घड्याळाच्या स्प्रिंगलाही आपण कमानच म्हणत आलो. 'पाटा' हा आपल्या घरचा. हा समास कोणा परिभाषा-समितीने घडविलेला नाही, आणि तरीही तो नेमका आहे. त्यात आकार सांगितला आहे आणि घडणही सांगितली आहे. याउलट, गाडी चाकांवर जशी उभी राहते त्या उभे राहण्याला, म्हणजे पुढची उंची, मागची उंची आणि त्या दोहोंतील फरक या साऱ्यांना मिळून, कारागिरांकडे एक शब्द आढळला नाही. 'गाडी नाक वर करून आहे', 'गाडी पुढून बसली आहे' अशी वाक्येच ऐकू येतात. या लेखापुरता मी 'ठाण' हा शब्द वापरीत आहे. माणसाच्या बांध्याविषयी बोलताना 'ठाणमाण' म्हणतात, त्यातलेच हे ठाण.

पाट्यांची स्प्रिंग ही मोटारीची निर्मिती नव्हे. ती घोडागाडीकडून आलेली मिरास आहे, आणि उंचीचा प्रश्नही तिच्याबरोबरच आला. लंडनमधील ओबाडाया इलियट या गाड्या बांधणाऱ्याने १८०४ च्या सुमारास लंबवर्तुळाकार स्प्रिंगचे पेटंट घेतले. दोन कमानी टोकांशी जोडून केलेली ही स्प्रिंग ॲक्सलवर ठेवावी आणि तिच्यावर गाडीची पेटी बसवावी, अशी त्याची रचना होती. त्यापूर्वी पुढच्या आणि मागच्या ॲक्सलना जोडणारी एक जड तुळई गाडीखालून जात असे. तिची गरज या रचनेमुळे उरली नाही, आणि गाडी हलकी व ठेंगणी करता आली. म्हणजे मोटारीचा जन्म होण्याच्या ऐंशी वर्षे आधीच, वाहनाची उंची ही स्प्रिंगच्या बांधणीने ठरणारी गोष्ट झाली होती. लंबवर्तुळातील वरची कमान काढून टाकली की अर्धी स्प्रिंग उरते. पहिल्या मोटारींपैकी बहुतेकांनी हीच अर्धी स्प्रिंग घेतली, आणि प्रत्येक चाकाजवळ एक याप्रमाणे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसविली.

फोर्डने मात्र ती आडवी घातली. मॉडेल टीला पुढे एक आणि मागे एक अशा दोनच स्प्रिंगा आहेत. पुढची स्प्रिंग पुढच्या ॲक्सलला समांतर, तिच्यावरच्या बाजूला, धनुष्यासारखी पसरलेली असते. तिचा मध्यभाग चॅसीच्या पुढच्या आडव्या पट्टीला यू-बोल्टांनी घट्ट आवळलेला असतो. दोन्ही टोके शॅकल म्हटल्या जाणाऱ्या हलत्या दुव्यांनी ॲक्सलच्या टोकांजवळ टांगलेली असतात. ॲक्सल मागे-पुढे सरकू नये म्हणून तिच्या दोन टोकांपासून निघालेले दोन दांडे मागे जाऊन एकत्र मिळतात, आणि तेथील गोळा इंजिनाच्या पोटाखालच्या खोबणीत अडकविलेला असतो. वरून पाहिले तर हा एक त्रिकोण दिसतो.

या त्रिकोणाचे महत्त्व लक्षात घेतले पाहिजे, कारण ठाणाचा पुढचा सारा विचार त्यावर अवलंबून आहे. लांबीच्या दिशेने बसविलेल्या स्प्रिंगला एकाच वेळी अनेक कामे करावी लागतात. तिने गाडीचा भार पेलायचा, ॲक्सलला जागेवर धरून ठेवायचे, आणि पुढच्या चाकांना ब्रेक आले तेव्हापासून ब्रेक लावताच ॲक्सलला बसणारा पीळही सोसायचा. अशी स्प्रिंग फार मऊ करता येत नाही. फोर्डच्या रचनेत ॲक्सल धरण्याचे काम त्रिकोणाकडे गेले. पुढच्या चाकांना कारखान्याने ब्रेक दिलेलेच नव्हते, कारण पायाचा ब्रेक गिअरपेटीत होता. त्यामुळे पुढच्या स्प्रिंगकडे जवळजवळ एकच काम उरले, ते भार पेलण्याचे. ती लांब आणि लवचिक ठेवणे शक्य झाले. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे उंचवट्यावर गेले तरी चॅसी पिळवटून न निघता ॲक्सल तिच्याखाली तिरपी होऊ शकली.

या लवचिकपणाची आणि उंचीची गरज कशामुळे पडली, याचे उत्तर अमेरिकेतील त्या वेळच्या रस्त्यांत आहे. १९०४ मध्ये त्या देशात ग्रामीण रस्त्यांची पहिली मोजदाद झाली. साडेएकवीस लाख मैलांच्या त्या रस्त्यांपैकी केवळ सुमारे दीड लाख मैलांवर, म्हणजे शेकडा सातांवर, काही प्रकारचे खडीकाम वा सुधारणा झाली होती. उरलेले सर्व मातीचे. पावसाळी दिवसांत शेतकऱ्यांच्या घोडागाड्यांनी त्यांत खोल चाकोऱ्या पडत, आणि त्या वाळून पक्क्या होत. मोटारीची चाके त्या चाकोरीत बसली पाहिजेत आणि मधला उंचवटा तिच्या पोटाला लागता कामा नये, या दोन अटी होत्या. मॉडेल टीच्या दोन चाकांमधील अंतर ५६ इंच ठेवले होते. दक्षिणेकडील काही राज्यांतील चाकोऱ्या रुंद, म्हणून तेथे काही वर्षे ६० इंचांची गाडीही विकली गेली. पोटाखाली सुमारे दहा इंच मोकळी जागा होती. आज आपल्याला ही गाडी काड्यांवर उभी केल्यासारखी दिसते. तिच्या ग्राहकाला ती तशी दिसत नव्हती, कारण त्याची दृष्टी घोडागाडीला सरावलेली होती.

स्प्रिंगच्या पोलादाविषयी एक आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. शर्यतीत मोडलेल्या एका फ्रेंच गाडीचा तुकडा आपण उचलला, तो विलक्षण हलका व चिवट निघाला, आणि त्यातून व्हॅनेडियम पोलादाचा शोध लागला, असे हेन्री फोर्डने १९२२ च्या आत्मचरित्रात म्हटले आहे. उद्योगपतींच्या आत्मचरित्रांतील अशा कथांकडे सावधपणे पाहावे हे बरे. मॉडेल टीत व्हॅनेडियम पोलादाचा वापर झाला, हे मात्र खरे. असो.

आता पाट्यांच्या गुणधर्माकडे वळू. वाचकांपैकी बहुतेकजण मानव्यविद्यांचे अभ्यासक आहेत. त्यांनी पुढील दोन परिच्छेद सोडून देऊ नयेत अशी विनंती आहे, कारण पुराव्याचे मूल्य ठरविण्याची किल्ली येथेच आहे. स्प्रिंगचा ताठपणा पाट्यांची संख्या, रुंदी, जाडी आणि लांबी यांवर अवलंबून असतो. संख्या दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, रुंदीचेही तसेच. जाडीचे मात्र तसे नाही. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. पाव इंच जाडीच्या पाट्यांऐवजी पाच सोळांश इंच जाडीचे पाटे घातले, तर डोळ्यांना फरक जेमतेम कळतो. पण ताठपणा जवळजवळ दुप्पट, नेमके सांगायचे तर १.९५ पट होतो. समजा, मूळ पाटे गाडीच्या भाराने तीन इंच दबत होते. तोच बाक देऊन केलेले हे नवे पाटे त्याच भाराने दीड इंचच दबतील, आणि गाडीचे नाक दीड इंच वर जाईल. इंचांत मोजलेल्या दबेच्या वर्गमुळाने १८८ या संख्येला भागले असता दर मिनिटाला होणारे हेलकावे मिळतात. त्या हिशेबाने पूर्वी मिनिटाला १०८ हेलकावे घेणारी गाडी आता १५२ घेईल. बसणाऱ्याला हा फरक कोणत्याही पुस्तकावाचून कळतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पाटे जुने झाले की गाडी खाली येते, हे सर्वांना ठाऊक आहे. का येते, याविषयी मात्र सार्वत्रिक गैरसमज आहे. पोलाद 'थकले', त्याची ताकद कमी झाली, असे समजतात. आणि उपाय म्हणून अधिक जाड पाटे घालतात किंवा एखादा पाटा वाढवितात. वस्तुतः पोलादाची मूळ लवचिकता वर्षांनी घटत नाही. गंजून किंवा झिजून पाटे पातळ झाले नसतील, तर जुनी स्प्रिंग तितक्याच भाराने तितकीच दबते. कमी होतो तो तिचा मोकळा बाक. सतत भार आणि धक्के सोसून पाट्यांना थोडा कायमचा वाक येतो आणि कमान सपाट होत जाते. म्हणजे बदल होतो तो आकारात. जोर होता तेवढाच असतो.

हे मला प्रथम समजले ते पुण्यात, एका वृद्ध मिस्त्रींकडून. १९२० नंतरच्या दशकातील एक मॉडेल टी दुरुस्तीसाठी त्यांच्याकडे आली होती. गाडी उजव्या हाताने चालविण्याची होती. ब्रिटनबाहेरच्या साम्राज्यातील देशांना फोर्ड गाड्या कॅनडातील कंपनी पुरवीत असे, त्यामुळे आपल्याकडील मॉडेल टी बहुधा अशाच. तिच्या आधीच्या मालकाने कोठे तरी पुढे नवे जाड पाटे घालून घेतले होते, आणि गाडी मान वर करून उभी होती. जुने पाटे सुदैवाने पोत्यात बांधून जपून ठेवले होते. "हे थकले म्हणून बदलले असतील," मी म्हणालो. मिस्त्री हसले. "सर, पाटा थकत नाही. पाटा बसतो. थकलेल्याला बदलावं लागतं, बसलेल्याला उठवता येतं." कारागिरांच्या बोलीत 'पाटे बसले' हाच प्रयोग रूढ आहे. 'थकले' हा आमच्यासारख्या लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांचा शब्द. क्रियापदाच्या निवडीतच येथे योग्य निदान आहे. आणि चुकीच्या क्रियापदाची किंमत त्या गाडीने भोगली होती.

ती किंमत केवळ दिसण्याची नव्हती. वर सांगितलेल्या त्रिकोणाचा येथे संबंध येतो. पुढची चाके ज्या खिळ्यांभोवती वळतात, ते किंगपिन किंचित मागे कललेले असतात. या कलामुळे चाके वळणानंतर आपोआप सरळ होऊ पाहतात. लांबीच्या दिशेने स्प्रिंगा असलेल्या गाडीत ॲक्सल स्प्रिंगना जखडलेली असते; त्यामुळे नाक वर केले तर चॅसीबरोबर ॲक्सलही मागे झुकते आणि हा कल वाढतो. चाकांच्या जोड्यांमधील अंतर १०० इंच असेल आणि नाक दोन इंचांनी वर गेले, तर ही वाढ एक अंशाहून थोडी अधिक होईल. मॉडेल टीतही हे अंतर १०० इंचच आहे, पण परिणाम उलटा होतो. तिथे ॲक्सलचा कल चॅसी ठरवीत नाही; मागे इंजिनाखाली अडकलेला गोळा ठरवितो. नाक वर गेले की इंजिन वर जाते, त्याच्याबरोबर गोळा वर उचलला जातो, आणि ॲक्सलचा माथा पुढे कलतो. किंगपिनचा मागचा कल कमी होतो. गाडी रस्त्यावर भटकू लागते, आणि चालकाला सारखे चक्र सावरीत बसावे लागते. अन्य गाड्यांवर शिकलेला नियम या गाडीला लावणारा कारागीर म्हणूनच फसतो. सुकाणू सैल लागते म्हणून तो सांधे बदलीत राहतो, आणि दोष पाट्यांत आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही.

आता मूळ ठाण ठरवायचे कशावरून? पहिला प्रश्न असा की, कोणत्या वर्षीचे मूळ? 'मॉडेल टी' या एका नावाखाली एकोणीस वर्षांत पुष्कळ बदल झाले. आरंभीच्या वर्षांत टोकाकडे निमुळते होत गेलेले पाटे दिसतात. पुढे ते सरसकट एकाच जाडीचे झाले. १९१९ पासून बंद गाड्यांना विजेचा स्टार्टर आला आणि इंजिनावरचे, म्हणजे पुढच्या स्प्रिंगवरचे, वजन वाढले. सर्वांत मोठा बदल १९२५ च्या उत्तरार्धात जाहीर झालेल्या १९२६ च्या 'सुधारित' गाडीत झाला. चॅसी सुमारे दीड इंच खाली आणली गेली. त्यासाठी पुढच्या स्प्रिंगचा बाक कमी केला, आणि चाकाचा आस त्याच्या खुंटावर वरच्या बाजूला सरकविला, जेणेकरून ॲक्सल जमिनीच्या अधिक जवळ यावी. त्याच सुमारास ३० इंची उंच, अरुंद टायरांच्या जागी २९ इंची रुंद 'बलून' टायर आले. त्यांनी आणखी अर्धा इंच खाल्ला.

हा बदल का झाला, हे समजण्यासाठी रस्त्यांकडेच पुन्हा पाहावे लागते. १९१६ आणि १९२१ च्या कायद्यांनी अमेरिकेच्या संघ-सरकारने रस्त्यांना पैसा पुरविण्यास आरंभ केला. चाकोऱ्या बुजू लागल्या. दरम्यान बंद गाड्यांचे प्रमाण झपाट्याने वाढले. १९२४ मध्ये शेकडा ४३ असलेले हे प्रमाण १९२७ मध्ये शेकडा ८५ झाले. उघड्या गाडीला उंची शोभते. वर छप्पर आणि काचा आल्या की तीच गाडी कपाटासारखी दिसते. शेवरोलेशी स्पर्धा करताना फोर्डला हे दिसणे महाग पडू लागले होते. तेव्हा १९२६ मधले ते दीड इंच म्हणजे मातीच्या रस्त्याकडून पक्क्या रस्त्याकडे झालेल्या स्थित्यंतराची खूण आहे. आणि १९१५ च्या गाडीला १९२६ चे पाटे घालणारा, किंवा याच्या उलट करणारा, नकळत ही खूण पुसून टाकतो. हे सुटे भाग एकमेकांत सहज बसतात, म्हणून असे वारंवार घडते.

दुसरा पुरावा छायाचित्रांचा. तो विपुल आहे, आणि फसवाही आहे. जुन्या छायाचित्रांत गाडीत बहुधा माणसे बसलेली असतात. घरची गाडी, घरची मंडळी, मागच्या बैठकीवर आजी. छायाचित्र काढण्याचा प्रसंगच तो. संग्रहालयातील गाडी रिकामी असते. चार माणसांच्या भाराने दबलेल्या गाडीशी रिकाम्या गाडीची तुलना केली, तर योग्य पाटे असलेली गाडीही उंच वाटणार. शिवाय पाट्यांच्या टोकांशी जादा गुंडाळी-स्प्रिंगा बसवून देणारी हॅस्लरसारखी जोडणी त्या काळी सर्रास विकली जात होती. ती बसविलेल्या गाडीचे ठाण कारखान्याचे राहत नाही. ते खोटे मात्र नव्हे, कारण त्या काळच्या मालकाने आपल्या गाडीला दिलेले ते ठाण आहे. कारखान्याच्या दारातून बाहेर पडणारी गाडी 'मूळ' मानायची, की रस्त्यावर वावरलेली, हा निर्णय संशोधकाने आधीच करून तो सांगितला पाहिजे. पुष्कळ वाद हा निर्णय न सांगितल्यामुळे माजतात.

तिसरा पुरावा खुद्द पाट्यांचा, आणि माझ्या मते तो सर्वश्रेष्ठ. स्प्रिंग हलते तेव्हा प्रत्येक पाट्याचे टोक खालच्या पाट्याच्या पाठीवर घासते, आणि वर्षानुवर्षांनी तेथे एक खाच पडते. पोत्यातून काढलेले जुने पाटे मिस्त्रींनी एकामागून एक दाखविले. प्रत्येक खाच वरच्या पाट्याच्या टोकाशी जुळत होती. अपवाद एकाच जोडीचा. तेथे खालच्या पाट्यावर खाच होती, पण ती वरच्या पाट्याच्या टोकापासून बोटभर पुढे. म्हणजे वरचा पाटा मागाहून घातलेला, मूळचा थोडा अधिक लांब असला पाहिजे. पाठचिकित्सेच्या परिभाषेत हा प्रक्षेप होय, आणि तो ओळखण्याची रीतही तीच: एखादा भाग शेजारच्या भागांशी झिजून एकजीव झाला आहे की नाही, हे पाहणे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत असताना, म्हणजे १९१९ ते १९६६ या काळात, प्रक्षेपाच्या निकषांवर जी चर्चा झाली ती आपल्या विद्यार्थ्यांना परिचित असते. ती पोलादालाही लागू पडावी, याचे त्या दुपारी मला आश्चर्य वाटले; आता वाटत नाही. नकलाकार कठीण पाठ सोपा करतो, तसा दुरुस्ती करणारा मऊ स्प्रिंग कडक करतो. दोघांचाही हेतू भलाच असतो.

एवढे करून मूळचे पाटे निश्चित झाले, गेलेला बाक त्यांना तापवून व पुन्हा पाणी देऊन परत आणला, टायर योग्य वर्षाचे घातले, तरीही एक अडचण उरते. पाटे एकमेकांवर घासतात, आणि हे घर्षण स्प्रिंगला तिच्या समतोलाच्या जागी पोचू देत नाही. गाडीचे नाक दाबून हळूच सोडले तर ती एका उंचीवर थांबते. उचलून हळूच सोडले तर दुसऱ्या, किंचित वरच्या उंचीवर. दोन्ही वेळा भार तोच, पाटे तेच. मॉडेल टीला कारखान्यातून शॉक ॲब्सॉर्बर मिळत नसत. हेलकावे शमविण्याचे काम या घर्षणावरच सोपविलेले होते. तेव्हा घर्षण हा दोष नसून रचनेचा भाग आहे, आणि उंचीतली ही अनिश्चितताही रचनेचाच भाग आहे. पाट्यांमध्ये ग्राफाइट व तेल घातले तर ती कमी होते, पण नाहीशी होत नाही. कोरड्या, गंजलेल्या पाट्यांत ती पुष्कळ वाढते. एखाद्या ग्रंथात 'पुढची उंची इतके इंच' असा एकच आकडा दिला असेल, तर तो दाबून घेतला की उचलून, हे विचारल्याखेरीज तो स्वीकारू नये.

पुढच्या ॲक्सलवरील पाट्यांचा काळ नंतर लवकरच संपत आला. मॉरिस ऑली हा अभियंता १९३० मध्ये रोल्स-रॉइसकडून कॅडिलॅककडे आला. वजने मागे-पुढे सरकविता येतील अशी एक चाचणी-गाडी त्याने १९३२ मध्ये बांधली, आणि तीवरील प्रयोगांतून त्याने दाखवून दिले की, पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ असल्या तर गाडी कमी डुलते. तोवरची रीत नेमकी उलट होती. परंतु इतकी मऊ स्प्रिंग पाट्यांची केली तर ब्रेकचा पीळ आणि चाकांची थरथर तिला आवरत नाही. म्हणून १९३४ च्या अनेक अमेरिकन गाड्यांत पुढचा अखंड ॲक्सलच गेला आणि प्रत्येक चाक स्वतंत्र झाले. फोर्डने आपली आडवी स्प्रिंग १९४८ पर्यंत सोडली नाही. या हट्टाला काहीजण निष्ठा म्हणतात, काहीजण आडमुठेपणा. मला दुसरा शब्द अधिक योग्य वाटतो, जरी १९०८ साली तीच स्प्रिंग त्या रस्त्यांवर सर्वांत शहाणपणाची होती.

पुण्यातील त्या गाडीचे काम पावसाळ्यानंतर पुरे झाले. जुने पाटे उठवून बसविले, प्रक्षिप्त पाट्याच्या जागी जुन्या खाचेला जुळेल एवढ्या लांबीचा व मूळ जाडीचा पाटा करून घातला. सपाट फरशीवर गाडी उभी करून, टायरांतील हवा तपासून, मिस्त्रींनी पुढची आडवी पट्टी जमिनीपासून मोजली; एकदा नाक दाबून सोडल्यावर, एकदा उचलून सोडल्यावर. दोन आकड्यांत अर्ध्या इंचाहून थोडे अधिक अंतर आले. मालकांना एकच आकडा हवा होता, संग्रहाच्या नोंदवहीत लिहिण्यासाठी. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले, आणि मी वही मागून घेऊन दोन्ही आकडे, पुढे कसे मोजले ते, आणि गाडी रिकामी होती हे लिहून दिले.